बाटलीतला खडा

स्पिरिटचा वास आला की मला सोलापूरच्या दवाखान्यातली ती काचेची बाटली आठवते. माझ्या लग्नाला चारच महिने झाले होते. सासूबाईंचं पोट टम्म फुगलं, हिरव्या उलट्या थांबेनात, म्हणून नळदुर्गहून एसटीनं त्यांना तिथं नेलं. ऑपरेशन झालं, त्या वाचल्या, आणि आतड्यात अडकलेला सुपारीएवढा खडा डॉक्टरांनी बाटलीत घालून आम्हाला दाखवला. आत्यासासूबाईंनी आधी खड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घरात डाळ कोण निवडतं गं?" "मीच." "व्हय ना? मग हिला आधी माहेरी धाडा. आज खडा घातला, उद्या काय घालंल!" मी म्हटलं, "आत्याबाई, एवढा खडा तुम्ही तरी गिळून दाखवा." डॉक्टर हसले. असा खडा पित्ताच्या पिशवीत तयार होतो आणि तिथून आतड्यात उतरून वाट अडवतो, हे त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. माहेरी धाडण्याची गोष्ट तिथंच थांबली. पण बाहेर व्हरांड्यात आल्यावर आमचे हे हळूच म्हणाले, "तरी पण डाळ जरा नीट निवडत जा." "तुम्हीच निवडा," मी म्हटलं. वीस वर्षं झाली. डाळ अजून तेच निवडतात, आणि मी ती त्यांच्यादेखत परत तपासते.