दाण्याच्या खोलीत घोडी नव्हती

आधीच सांगतो, भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी वाचतो ते हसण्यासाठी. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून पाहू नका... जेवणानंतर असलं काही वाचलं की पचन बरं होतं. एकदा आमच्या गल्लीत आलेल्या महाराजांनी माझ्या कपाळाला विभूती लावली, तेव्हा मी त्यांच्यासमोरच रुमाल काढून ती पुसली होती. त्यामुळे पुढचं लिहिताना माझीच पंचाईत होते आहे.

मी बल्लारपूरला राहतो. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. वडिलांचा टांगा होता. टांगा गेला, घोडी ठेवायची सवय राहिली. आता घोड्या वरातीला लागतात. जन्मभर बाइकवर फिरलेला मुलगा एका संध्याकाळी तलवार घेऊन घोडीवर बसतो आणि तो पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी मामा-काका त्याची मांडी धरून चालतात — हे पाहिलं की इतिहास शिकवल्याचा पश्चात्ताप होतो. पण घोडीला दाणा लागतो, म्हणून मीही भाड्याने देतो.

नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा सामाईक तबेला आहे. तिघांच्या मिळून चार घोड्या: माझी तारी, गोपाळभाऊंची बिजली, आणि दोन माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या, दिलीपरावांच्या. कुटार, म्हणजे सुका चारा, सगळ्यांचं एकत्र, छपराखाली. चणे मात्र ज्याचे त्याच्या पत्र्याच्या ड्रममध्ये, कारण चण्यापुढे कोणी कोणाचा नसतो. ड्रम ठेवायला विटांची एक खोली, तिला एकच दार. ते मुद्दाम अरुंद ठेवलंय. सुटलेली घोडी चण्यात तोंड घालते, पोट फुगून मरते. त्या दारातून घोडी आत जाऊच शकत नाही. एवढं लक्षात ठेवा.

लग्नसराईत बिजली मेली. दिलीपरावांनी ती राजुऱ्याच्या एका वरातीसाठी मागून नेली होती. डीजेपुढे घोडी नाचलीच पाहिजे असा नवरदेवाच्या काकांचा हट्ट. कोणीतरी तिच्या पोटाखाली फटाक्यांची लड लावली. ती उधळली, डिव्हायडरवर आदळली, मागचा पाय मोडला. मोडक्या पायावर तिला उभी करायला दिलीपरावांनी मंडपाचा बांबू घेतला. बांबू फुटला तेव्हा थांबले म्हणतात. वरात मुहूर्तावर पोचली.

आमच्या तबेल्यात एक रीत आहे. मेलेल्या जनावराचा दाणा दुसऱ्या जनावराला घालत नाहीत. ड्रम बांधून ठेवायचा, पोळा झाला की दाणा नदीत सोडायचा. गोपाळभाऊ झाकणाला सुतळी बांधत होते तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, चांगला चणा आहे, किडे लागतील."

"लागू द्या मास्तर. किडे खातीन. घोडी नाई खात."

मे महिन्यातली दुपार. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. मी खाटेवर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो होतो. समोर छपरात तिन्ही घोड्या बांधलेल्या. दिलीपराव तोबरा — म्हणजे घोडीच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी — घेऊन आले.

"माहा ड्रम खाली झाला, भाऊ. बिजलीचा घेतो. गोपाळभाऊले सांगू नोका."

"त्यांनी सुतळी बांधलीय."

"सुतळीले काय भेता? तुमी तर शिकलेले हा न!"

मत त्यांचं आणि माझं एकच होतं.

ते आत गेले. थोड्या वेळाने पत्र्यावर घण पडावा तसा आवाज झाला. मग दिलीपरावांची किंकाळी... आणि दार धाडकन बंद. मी धावलो. दार आत उघडतं, आणि आतून कोणीतरी अख्ख्या अंगानं ते दाबून धरलेलं. खांदा लावला, हललं नाही. आत धडाधड, मधेच काहीतरी ओलं फुटल्याचा आवाज, आणि दिलीपराव "आई, आई" करत होते. एक फळी माझ्या तोंडासमोर बाहेरच्या बाजूला फुटली. त्या फटीतून गरम श्वास आला. घोडी नाकातून फुरफुरते, तसा.

मी मागे पाहिलं. तिन्ही घोड्या जागेवर होत्या. दावं ताणून मागे सरकलेल्या, घामानं निथळत, आणि अगदी गप्प.

मग सगळं थांबलं. दार आपोआप उघडलं. दिलीपराव चण्यांच्या सड्यात पडले होते. जबडा एका बाजूला सरकलेला, डाव्या हाताचं हाड बाहेर आलेलं, चणे लाल झालेले. बिजलीचा ड्रम आडवा पडला होता. त्याचा पत्रा आतून बाहेर फुगला होता, जागोजागी, खुराएवढा.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "घोड्याची लाथ आहे. कुठल्या घोडीनं मारलं?"

दिलीपरावांनी जबड्याला तार बांधण्यापूर्वी एकच शब्द काढला. "तारी."

बाहेर बाकड्यावर माझी बहीण मंदा माझ्यावर तुटून पडली. "दादा, तुह्या घोडीनं माह्या नवऱ्याचं तोंड फोडलं, न तू तिलेच चारून राह्यला?"

"मंदे, तारी बांधलेली होती. माझ्यासमोर."

"मंग कोनं मारलं? तू मारलं?"

मी जे पाहिलं ते सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. महाराजांकडे मी असाच बघत असे.

डिस्चार्जच्या दिवशी ऑटो घरी न जाता तबेल्यावर आला. आत मंदा आणि दिलीपराव. पुढून त्यांचा भाऊ सुरेश उतरला, हातात कुऱ्हाड.

"मास्तर, बाजूले व्हा."

"सुरेश, ही ती नाही."

"बाजूले व्हा मनतो न!"

पहिला घाव तारीच्या मानेवरच यायचा. मी हात धरला म्हणून तो खुंट्यात रुतला. त्यानं कुऱ्हाड उपटली, दांड्यानं माझ्या गळ्याखाली मारलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी तारीच्या पायांत पडलो. तिनं पाय उचलला नाही, माझ्यावर ठेवायलाही नाही आणि त्याला मारायलाही नाही. सुरेशनं पुन्हा कुऱ्हाड उगारली.

"सुऱ्या! नोको!"

दिलीपराव ऑटोतून अर्धे बाहेर लोंबकळत होते. तारांतून शब्दांबरोबर रक्त येत होतं.

"ती नाई... खोटं बोललो मी. घोडी नव्हतीच कुठी."

"मंग काय होतं बे?"

"चण्यात हात घातला... खालून लाथ आली."

"कायच्या खालून?"

"चण्याच्या."

कोणी हसलं नाही. सुरेशनं कुऱ्हाड खाली टाकली, आणि दाण्याच्या खोलीपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

मी पुष्कळ विचार केला आहे. ऊन लागलं म्हणावं, तर उन्हानं जबडा मोडत नाही. दाणा कुजून गॅस झाला म्हणावं, तर चणे खडखडीत कोरडे होते. दिलीपरावांनी घोड्या विकल्या. मंदा माझ्याशी बोलते, पण तबेल्याचा विषय आला की उठून चहा टाकते. तारी अजून माझ्याकडे आहे. तिचा जीव ज्या वाक्यानं वाचला, त्यावर मी आजही विश्वास ठेवू शकत नाही... आणि ते खोटं आहे असं म्हणायला गेलो, तर दिलीपरावांचा पहिला शब्द खरा ठरतो, आणि मारणारी म्हणून तारीच उरते. ती तर माझ्यासमोर बांधलेली होती.