मागच्या बाजूचं फाटक

काल मैदानावर कबड्डीसाठी चुन्याची फक्की टाकत होते. तो कोरडा, घशात खवखवणारा वास आला आणि मला आमच्या नंदनवन कॉलनीतली एक जुनी सकाळ आठवली.

कॉलनीच्या मोकळ्या जागेवर बाग व्हायची होती. ती कशी असावी हे रहिवाशांनीच ठरवायचं होतं. बाबा समितीचे अध्यक्ष. त्यांनी जमिनीवर फक्कीने सगळी बाग आखली होती. फिरायची वाट, घसरगुंडी, बाकं आणि आमच्या रस्त्याकडे एकच फाटक.

मागच्या वस्तीतले लोकही बघायला आले होते. त्यांच्यातल्या कमलाबाई पुढे येऊन बाबांना म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडून फाटक काहून नाही गा? पोरायनं एवढा फेरा मारून यावं काय?"

"दोन फाटकं केली तर कोणीबी घुसन अंदर," आमचे शेजारी पुटपुटले.

 बाबा मागच्या रेषेपाशी गेले आणि चपलेने त्यांनी ती हातभर पुसली. "इकडून या बाई. बरोबर आहे तुमचं."

मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांनी चारचौघांत माघार घेतली, याची मला लाज वाटली होती.

बाग दोन फाटकांचीच झाली. निवृत्तीनंतर बाबा रोज संध्याकाळी तिथे बसायचे. मागच्या वस्तीतली म्हातारी मंडळीच त्यांची सोबत झाली. ते गेले त्या दिवशी खांदा द्यायला सगळ्यांत आधी माणसं आली, ती त्याच फाटकातून.