भिंतीतून जाणारी मुलगी

एकोणनव्वदच्या डिसेंबरात, जळगावच्या आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात अन्याय झाला तो माझ्यावर. बेचाळीसच्या क्रांतीवरचं नाटक मी लिहिलं होतं. त्यातली मुलगी तुरुंगाच्या भिंतीतून आरपार जायची, आणि ती भूमिका मीच करणार होते. पण तालमी सातनंतर, आणि आमच्या होस्टेलचं फाटक सातला बंद. मुलांच्या होस्टेलला कुलूपच नव्हतं. भूमिका गेली गावात राहणाऱ्या, मोपेडवरून येणाऱ्या मैत्रिणीला.

"तू लिही गं, तुला तेच शोभतं," ती म्हणाली.

प्रयोग दुपारी होता. ती भिंतीतून बाहेर आली, टाळ्या पडल्या आणि विंगेत माझा जळफळाट झाला. ती वाक्यं विसरली, तीही मीच पुरवली.

आजही तिचा हेवा वाटतो. तुमच्या कॉलेजात मुलींचं फाटक सातला लागत असेल, तर उद्याच प्राचार्यांकडे जा आणि ते उघडायला लावा.