भाऊजींच्या कमरेतला ‘तो’

दुखणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते खोटं ठरवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? माझ्या भाऊजींचं दुखणं तर अख्ख्या मूल गावात सगळ्यात जिवंत होतं. राइस मिलमध्ये पोती वाहताना त्यांची कंबर धरली, ती तीन वर्षं सुटली नाही; सुटलं ते काम. हळूहळू ते दुखण्याला ‘तो’ म्हणू लागले. बाकावर त्याच्यापुरती जागा सोडत. मी तिथं टेकलो की ओरडत, “अबे, त्याच्या अंगावर बसतं का?” भर दुपारी, मागे कोणी नसताना, वळून म्हणत, “चाल ना बे, काऊन थांबला?” हसता हसता माझ्या अंगावर काटा यायचा. शेजारी म्हणत, “बाहेरचं लागलं.” मिलचा मुकादम म्हणे, “कामचोरी लागली.”

शेवटी चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर, व्यायाम शिकवणाऱ्या बाई आणि मनातलं बोलायला लावणाऱ्या दुसऱ्या बाई एकाच टेबलाशी बसले. भाऊजींनी ‘त्याच्यासाठी’ही खुर्ची ओढली. कोणी हसलं नाही. दुसऱ्या बाईंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहत विचारलं, “हा तुम्हाला कामावर जाऊ देईल?”

भाऊजींनी बराच वेळ कान दिला. “जा म्हणते. पण सोडत नाई म्हणते.”

“मग दोघंही जा,” डॉक्टर म्हणाले. “दुखणं खरं आहे. पण हललं म्हणून कंबर मोडत नाही.”

व्यायामाच्या बाईंनी नेम घालून दिला: ठरल्या खेपा झाल्या की थांबायचं. दुखत नसलं तरी थांबायचं. घरी कित्येक महिने सराव झाल्यावर बाई स्वतः एस.टी.नं मूलला आल्या, मुकादमाशी बोलल्या. तो म्हणाला, “एक महिना पाहतो. नाई जमलं तर घरी.”

पहिल्या दिवशी सहा खेपा ठरल्या होत्या. सहावी झाली, भाऊजी ताठ उभे. हमाल हसले, “काहून भाऊ, भूत दमलं का?” झालं! भाऊजींनी बारा खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी ताईनं त्यांना धरून उठवलं. डॉक्टरांनी तपासलं, काही मोडलं नव्हतं. चारपासून पुन्हा सुरुवात.

आता ते पुन्हा सहावर आलेत. सहावं पोतं उतरवून, शेजारच्या हवेला “बस बाप्पा” म्हणत टेकतात. महिना संपायला आठच दिवस राहिले आहेत. ताई रोज संध्याकाळी ते चालत येताना दिसेपर्यंत दारात उभी राहते.

मिलमधल्या भावांनो, हसायचं तर खुशाल हसा. पण सहाव्या खेपेनंतर त्या पाठीवर पोतं चढवायला हात लावू नका.