मालक, मुद्रक, प्रकाशक: कस्तुराबाई

कस्तुराबाईनं उभ्या जन्मात पेपरात एक ओळ लिहिली नाही, आणि लिहिल्याचा खटला मात्र तिच्यावर आठ वर्षं चालला. मी तिच्या वकिलाचा परभणीतला मुनशी, दत्तराव. अर्ज लिहिणं, तारखा टिपणं आणि पक्षकाराला धीर देणं ही माझी कामं. त्यातलं शेवटचं मला कधीच नीट जमलं नाही.

तिचे यजमान बन्सीधर गुरुजी जिंतूरला एका खाजगी संस्थेच्या शाळेत मास्तर होते. लिहिण्याची खाज दांडगी, पण नोकरीत असताना स्वतःच्या नावावर पेपर काढता येत नव्हता. मग त्या काळी बरेच मास्तर करायचे तेच त्यांनी केलं. साप्ताहिक ‘दवंडी’ बायकोच्या नावावर काढलं. कस्तुराबाईला सही तेवढी येत होती. कलेक्टर कचेरीत नेऊन ती घेतली आणि काम झालं. दर आठवड्याला शेवटच्या पानाच्या तळाशी छापून यायचं: मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक सौ. कस्तुराबाई. तिला वाटायचं, यजमानांनी कौतुकानं नाव घातलंय. नाव घालण्यात गुरुजींचं शहाणपण किती आणि भित्रेपण किती, हे मी आजही सांगू शकत नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. ताडकळसच्या अलीकडच्या एका गावातही सात घरं जळाली. गावाचं नाव मी घालत नाही, कोर्टाचा मला पुरेसा अनुभव आहे. आग लागण्याआधी आमदार आबासाहेबांची जीप त्या वस्तीजवळ उभी होती आणि तिच्यातून रॉकेलचे डबे उतरले, असं ‘दवंडी’नं छापलं. जीपचा नंबरही छापला. आबासाहेबांनी खुलासा दिला नाही, धमकी दिली नाही. त्यांनी सरळ बदनामीची फिर्याद लावली. आरोपी नंबर एक, कस्तुराबाई. दुसरा आरोपी नव्हताच.

समन्स आलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नवऱ्याच्या शहाणपणापायी बायकोला ती चढावी लागते, हे त्या म्हणीत कुणी धरलेलं नाही. बातमी मीच लिहिली असं गुरुजी कोर्टात म्हणाले असते, तर नोकरी गेली असती. घरात हेमा आणि सुनेत्रा, दोन पोरी लग्नाच्या. म्हणून गुरुजी पोटदुखीची रजा टाकून यायचे आणि कोर्टाबाहेर पानटपरीवर उभे राहायचे. आत ती एकटी.

आबासाहेबांना हजेरीतून माफी मिळायची, कधी अधिवेशन म्हणून, कधी दौरा म्हणून. तिला मात्र जिंतूरहून एसटीनं दर तारखेला यावंच लागे. पुकारा व्हायचा, ती पिंजऱ्यात उभी राहायची, पुढची तारीख पडायची. न्यायाधीश तीन बदलले.

फिर्याद वाचून दाखवली त्या दिवशी आपण काय छापलंय हे तिला पहिल्यांदा कळलं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, “मुनशीजी, हे खरं हाय का?”

“खरं असेल बाई, पण ते शाबीत करावं लागतं.”

“कुणी?”

“तुम्ही.”

मी हे थट्टेनं म्हणालो होतो. तिनं ते खरं धरलं. गुरुजींना ज्यानं बातमी सांगितली होती तो कोतवाल केव्हाच फिरला होता. तेव्हा तारीख आटोपली की ही बाई घरी जायच्या ऐवजी ताडकळसची गाडी धरू लागली. त्या जळालेल्या वस्तीत तिला तानुबाई भेटली. तानुबाईनं जीपही पाहिली होती आणि डबे उतरवणारेही. पहिल्या खेपेला कस्तुराबाईनं तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिची मान खाली होती. चौथ्या खेपेला ती तिथं जेवली.

“पोलिसांना का न्हाई सांगितलं?” तिनं विचारलं होतं.

तानुबाई म्हणाली होती, “त्यायनं भांडी किती जळाली ते इच्यारलं. कुणी जाळलं ते कुणी इच्यारलंच न्हाई. तुमीच पयल्या. मी बोलीन कोर्टात. पर मास्तरीणबाई, तुमी मागं सरू नका. मला त्याच गावात ऱ्हायचंय.”

“न्हाई सरत,” ही म्हणाली.

शहाऐंशीत तानुबाईच्या साक्षीची तारीख लागली. त्या तारखेच्या दोन दिवस आधी संस्थेनं गुरुजींना नोटीस दिली: पेपर तुमचाच आहे, नोकरीवरून का काढू नये? संस्थेचे अध्यक्ष आबासाहेबांचे व्याही. संध्याकाळी आबासाहेबांचाच माणूस तडजोड घेऊन आला. बाईनं माफीनामा द्यावा. फिर्यादही मागं, नोटीसही मागं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून माफीनामा मीच लिहिला. मला त्याची लाज वाटते. साक्षीच्या दिवशी सकाळी वकिलांच्या खोलीत तिनं तो वाचायला लावला. सदर बातमी पूर्णतः खोटी व निराधार असून, असं मी वाचत गेलो. गुरुजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

“मंग घरं कुणी जाळली म्हणून लिवलंय त्यात?” तिनं विचारलं.

“त्याबद्दल काही नाही बाई.”

तिनं गुरुजींकडं पाहिलं. ते एवढंच म्हणाले, “पोरींचा विचार कर.” आठ वर्षांत त्यांनी तिला काही मागितलं नव्हतं, कारण सगळं आधीच घेतलेलं होतं. तिनं सही केली.

तानुबाईला निरोप द्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती भल्या पहाटे निघून आली होती आणि धुतलेलं लुगडं नेसून व्हरांड्यात बसली होती. मी जाऊन सांगतो म्हणालो. कस्तुराबाई म्हणाली, “न्हाई, मीच सांगते.” ती जाऊन तिच्याजवळ फरशीवर बसली.

“तानुबाई, मी लिहून दिलं.”

“काय लिहून दिलं?”

“तुमी पाहिलं ते खोटं हाय म्हणून.”

तानुबाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “निघताना मी समद्या गावाला सांगून आले, बाई. खरं बोलाया चालले म्हणून.”

कस्तुराबाई तोंडाला पदर लावून रडू लागली. तेवढ्यात शिपायानं येऊन सांगितलं, फिर्याद मागं घेतली, साक्षीदारानं जावं. तानुबाई उठली आणि दुपारच्या ताडकळसच्या गाडीनं परत गेली, कारण जायला तिला दुसरं गाव नव्हतं.