काकाचा बोल्ट

आमच्या काकावर माझा भरोसा कधीच नव्हता. तुमीच सांगा, जो माणूस वर्षभर आमच्या दारासमोरून तोंड फिरवून जाते, तो दसऱ्याले न चुकता कसा काय येते?

घरात आज्याची जुनी लष्करी रायफल होती. वाटणीच्या वेळी बाबा आन काका असे भांडले, का पंचांनी रायफल बाबाले देल्ली आन तिचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायले मागंपुढं ओढतात तो लोखंडी दांडा, काकाले देल्ला. एकाजवळ दोन्ही नको, रागाच्या भरात काही होऊन बसन. तवापासून दसऱ्याच्या पूजेले काका फडक्यात गुंडाळून बोल्ट आणे, सोताच्या हातानं बसवे, हळदकुंकू झालं का काढून खिशात टाके. चहा पिये, आपट्याचं सोनं देये आन चालू लागे. मी हात लावायले गेलो का "राहू दे, तेल लागन" म्हणे. तेल लागल्यानं माणूस मरते काय?

यंदा बाबाची नजर गेली, हात थरथरू लागले. ठाण्यातून सांगतलं, लायसन आता वाढत नाही. रायफल जमा करा, नाहीतर जुन्या बंदुका जमवणाऱ्या लायसनवाल्या शौकिनाले द्या. जमा केली त गंजून जाईन, म्हणून बाबांनी शौकीन पसंत केला.

हैदराबादेहून तो जैनथले आमच्या घरी आला. मले तोही बरा वाटला नाही. हातमोजे घालून, भिंग लावून रायफल अशी पाहे, जसा पोरगीच पाहायले आला. मंग म्हणे, "बोल्ट?"

काकाले निरोप गेला. तो घाम पुसतच आला. खिशातला हात बाहेर काढे ना. "मीच बसवतो," म्हणे. शौकिनानं बोल्ट मागूनच घेतला, भिंग लावलं आन हसला.

"रायफल पे नंबर है, इस पे कुछ नहीं. ये तो खराद पे बना है, चाचा. असली किधर है?"

माझं डोकंच फिरलं. मी काकाच्या अंगावर धावलो. "ईकला ना? म्हणून हात लावू देत नव्हते! आज्याची चीज ईकून दरसाल पूजेले बसता, लाज नाही वाटत?"

काका म्हणे, "ईकला नाही रे. पैनगंगेच्या पुरात घराची भित पडली, तवाच गेला. लय उकरलं, भेटला नाही. मंग आदिलाबादले मशीनवर लोखंड कातते त्या खरादवाल्याकडून हा करून आणला."

मले तेही खरं वाटेना. "मंग सांगतलं काऊन नाही?"

बाबाच मधात बोलले, "मले मालूम होतं. पुरानंतरच्या पहिल्याच दसऱ्याले, हळद लावता लावता हाताले समजलं."

"आन तुमी काऊन बोलले नाही?"

"बोललो असतो, त हा आला असता काय?"

शौकीन रायफल तशीच घ्यायले तयार झाला. ठाण्यात लिखापढी करून संध्याकाळी घेऊन गेला. खरादवाला बोल्ट तेवढा खाटेवर राह्यला. काकानं तो उचलला, सवयीनं फडक्यात गुंडाळला, आन दारात जाऊन थांबला.

"दादा, आता दसऱ्याले काय घेऊन येऊ?"

बाबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"रिकाम्या हातानं ये ना बे."