थांबा, वर विचारतो

सरांना पुण्याच्या एका कंपनीनं फसवलं. आधी त्यांचं काम उचललं, मग त्यावरचं नाव खोडलं, आणि अंगाशी आलं तेव्हा तेच नाव पुढं करून स्वतः बाजूला झाले. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. माणूस गेला की लोक त्याच्याविषयी गोड बोलतात आणि मूळ गोष्ट पोटात घालतात. मी पोटात घालणाऱ्यांतला नाही.

सर बारामतीत एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. माझं दुकान एसटी स्टँडजवळ. वायर, मोटारीचे स्टार्टर, रेडिओचे सुटे भाग. सायकलवर वायरची भेंडोळी लादून निमगाव केतकीच्या बाजारात मी धंद्याला सुरुवात केली, त्यामुळं फुकट या शब्दाचा मला पहिल्यापासून राग. आणि सरांचा सगळा कारभार फुकटाचा.

त्यांना कुणी वेळ विचारली की ते मनगटाकडं बघत नसत. मान वर करून आभाळाकडं बघत आणि म्हणत, "थांबा, वर विचारतो." मग माझ्या माळ्यावर ठेवलेल्या त्यांच्या पेटीपाशी जाऊन सेकंदासकट वेळ घेऊन येत. तोवर विचारणाऱ्याची एसटी सुटलेली असे.

स्वतः मात्र कुठंही वेळेवर पोचले नाहीत. लग्नाला गेले तर पंगत उठलेली, तासाला गेले तर पोरं घरी. मी एकदा चिडून म्हणालो, "सर, एवढी बारीक वेळ काढता, ती वापरता कधी?" ते म्हणाले, "शेठ, ती माझ्यासाठी नाहीच. ती पाटावरच्या लोकांसाठी आहे."

ते कसं, ते सांगतो. त्यांचे वडील, आबा, इंदापूर तालुक्यात कालव्यावर पाटकरी होते. कालव्यातून शेतांकडं जाणाऱ्या चारीच्या तोंडाशी घर, आणि कुणाच्या पाण्याची पाळी कधी सुरू होते, कधी संपते हे सांगायचं काम. सगळं भांडण घड्याळाचं. वरच्याचं घड्याळ मागं, खालच्याचं पुढं, आणि मधे उभा पाटकरी. आबांना भर उसात लोकांनी खोटारडा म्हटलेलं सरांनी लहानपणी ऐकलं होतं. आबा मला म्हणाले होते, "माजं घड्याळ खोटं नव्हतं. पर खरं कुणाचं हाय ह्ये सांगायला तिसरं घड्याळ पायजेल व्हतं, ते कुठं हाय?"

ते तिसरं घड्याळ सरांनी आभाळात शोधलं. उपग्रहांत फार बिनचूक घड्याळं असतात. त्यांचा सिग्नल पकडला तर कुठंही, कुठल्याही पेटीत, एकच वेळ मिळते. चिप परदेशातून मागवली, पण तिच्याभोवतीचा सगळा रिसीव्हर बोर्ड सरांनी स्वतः आखला. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन मी त्यांच्यासाठी भाग आणायचो. घासाघीस करून दुकानदाराला घाम फोडायचो, आणि सर मागून म्हणायचे, "जाऊ द्या शेठ, त्यांचंही पोट आहे." असा माणूस बरोबर असला की सौदा कसा व्हायचा?

अँटेनाखाली धातूचा सपाट पत्रा लागतो. सरांनी वहिनींचं स्टीलचं ताट उचललं. वहिनी गच्चीवर गेल्या तर ताट पालथं, त्यावर चिकटवलेली अँटेनाची काळी वडी. म्हणाल्या, "कुणाला वाढलंय हे?" सर म्हणाले, "वरच्यांना." ते ताट पुन्हा स्वयंपाकघरात आलं नाही.

पेटीत दोन दिवे होते. आत पाळ्यांचं कोष्टक भरलेलं. तारीख आणि वेळ बघून बोर्ड ठरवायचा की चारीच्या या दारावर पाणी घ्यायचं की नाही. हिरवा लागला की दार उघडायचं, तांबडा लागला की बंद. पहिली पेटी आबांच्या दारावर बसली. सेकंदाला लुकलुकणाऱ्या बारक्या दिव्याकडं बघून आबा म्हणाले, "डोळा मारतंय की रं ह्ये!"

मग सरांनी तो उद्योग केला, ज्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. बोर्डाचा अख्खा डायग्राम त्यांनी माझ्या काउंटरच्या काचेखाली लावला. कुणीही झेरॉक्स काढावी, बनवावा, विकावा. अट एकच. ती त्यांनी बोर्डावर तांब्यातच कोरली होती: "हा आराखडा सर्वांचा. सुधाराल तर परत आणा." खाली त्यांचं नाव.

कंपनीचे साहेब आले तेव्हा मी काउंटरवर होतो. गोड बोलणारा माणूस. सरांनी त्याला चहा पाजला, एकेक रेघ समजावून दिली. तो गेल्यावर मी म्हणालो, "निदान लेखी तरी घ्यायचं."

"शेठ, दिला म्हणून माझ्याकडचा डायग्राम कमी झाला का?"

"तुमचा कमी झाला नाही. पण त्यांच्याकडं गेला तो त्यांचा झाला."

ते हसले. मला खरंच त्यांच्या डोक्यात पकड घालावीशी वाटली.

पुढं पाणीवाटप संस्थेनं त्या कंपनीकडून बाकीच्या सगळ्या दारांसाठी पेट्या घेतल्या. त्यांतली एक बॅटरी बदलायला माझ्याकडं आली. उघडली तर बोर्डावर काळी राळ ओतलेली, डांबरासारखी घट्ट. एक भागही दिसू नये म्हणून. राळ चुकलेल्या कोपऱ्यातून मी तो बोर्ड ओळखला. कोरलेली ओळ गेलेली, सरांचं नाव गेलेलं, तिथं कंपनीचा शिक्का. मी एसटीडीवरून कंपनीला फोन लावून अशा शिव्या दिल्या की बाहेर रांगेतली माणसं घरी निघून गेली.

सरांनी एवढंच विचारलं, "चालतंय ना?"

"चालतंय."

"मग झालं. चारीवर वेळ एक झाली." पण ती पेटी ते हातात फिरवत राहिले. राळेवर बोट ठेवून म्हणाले, "आता यात दुरुस्ती कुठून करायची?"

कारण एक दुरुस्ती बाकी होती. उपग्रह आठवडे मोजतात, आणि एका आकड्याला पोचले की पुन्हा शून्यावर येतात. ती वेळ येत्या श्रावणात होती. त्या क्षणी साध्या बोर्डाची तारीख जवळपास वीस वर्षं मागं जाणार. सरांनी तोड काढली, आबांच्या पेटीत बसवली, सुधारलेला डायग्राम माझ्या काचेखाली लावला. त्याच एसटीडीवरून कंपनीला फोन केले. दर वेळी एकच उत्तर: साहेब मीटिंगमध्ये आहेत. काचेखालचा कागद बघायला कंपनीचं कुणी आलं नाही. आलं असतं तरी राळ कोण फोडणार होतं?

श्रावणात पाऊस नव्हता. कालव्याला पाणी सुटलेलं होतं आणि सगळ्यांचा जीव त्यात अडकलेला. त्या रविवारी सकाळी कंपनीच्या सगळ्या पेट्यांनी एकदम दिवे बदलले. घड्याळ बरोबर, वारसुद्धा बरोबर, म्हणून कुणाला संशय आला नाही. आतली तारीख फक्त मागं गेलेली, आणि त्या तारखेप्रमाणं पाळी भलत्याचीच. एकट्या आबांच्या दारावर खरा दिवा, हिरवा. बाकीच्या पेट्यांच्या हिशेबानं मात्र पाळी दुसऱ्याच दारांची.

तुम्ही तिथं असता तर कुणाचं खरं मानलं असतं? लोकांनीही तेच केलं.

"समद्या पेट्या एक सांगत्यात, आन् ह्या म्हाताऱ्याचीच येगळी!"

"पोरानं बापाच्या सोयीचं घड्याळ केलंय, दुसरं काय!"

आबा दारासमोर उभे राहिले. "माज्या पेटीला खोटं म्हनू नगा, तिला वरनं येळ येतीय."

"आबा, बाजूला व्हा. आमी बी वरनंच आनलीय, कंपनीची हाय."

एकानं खोऱ्यानं पेटी फोडली. आबांना धक्का लागला, ते चारीत पडले. लागलं फार नाही. पण खोटारडा हा शब्द त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला, आणि या वेळी त्यांच्याकडं तिसरं घड्याळ होतं.

दोन दिवसांनी संस्थेच्या ऑफिसात बैठक झाली. मी गेलो होतो. कंपनीचे साहेब आले, तेच गोड बोलणारे. उभे राहून म्हणाले, "मूळ डिझाइन आमचं नाही. बारामतीच्या त्या प्राध्यापकांचं आहे. दोष त्यात आहे." आणि सरांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. राळेखाली गेलेलं नाव पहिल्यांदा बाहेर आलं ते असं.

मी ओरडलो. वायर विकणाऱ्याचं कोण ऐकतो? चेअरमन म्हणाले, "शेठ, तुम्ही बसा. सर कुठं आहेत?"

सर नव्हते. सर वाटेत होते. निघायच्या आधी सुधारलेल्या डायग्रामच्या झेरॉक्स काढत बसले होते, प्रत्येक दाराच्या माणसाला एक मिळावी म्हणून. पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या आणि ठराव लिहून झाला होता: सदोष आराखडा. झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून ते दारात उभे राहिले. मला म्हणाले, "उशीर झाला का, शेठ?" आयुष्यभर मी या गोष्टीवरून त्यांची चेष्टा केली. त्या दिवशी नुसता तो गठ्ठा त्यांच्या हातातून घेतला.

पॉलिटेक्निकनं खुलासा मागवला. तो त्यांनी दिला, पण पुढं कुणी वाचल्याचं ऐकलं नाही. दुकानात यायचे, माळ्याखाली बसायचे. वेळ विचारली की म्हणायचे, "भिंतीवर घड्याळ आहे ना." मान वर जात नसे. त्याच थंडीत, एका सकाळी अंघोळीला पाणी तापत असताना छातीत कळ आली आणि गेले.

दहाव्याला मी आबांकडं गेलो होतो. दारावर पेटी नाही, नुसते चार स्क्रू भिंतीत. एक बाई चारीवरून ओरडली, "आबा, किती वाजलं वो?" म्हाताऱ्यानं उपरणं सावरलं, मान वर केली आणि बराच वेळ आभाळाकडं बघितलं. "थांब बाई," ते म्हणाले, "वर इचारतो."

सरांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. मुद्दाम. साहेब, ते तुम्ही तुमच्या बोर्डावरून काढलं, तुम्हीच परत लिहा. आणि त्याआधी माझ्या दुकानात या. काचेखाली तो कागद अजून आहे. त्याच्यासमोर उभं राहून सांगा: पेट्या चालत होत्या तोवर जे नाव तुम्हाला आठवत नव्हतं, ते त्या बैठकीत, बापाच्या नावासकट, कसं आठवलं? मी काउंटरवरच आहे. उत्तर द्या.